डोळे मिटून पाऊल कळतं कसं?

ब्युनोस आयर्समधल्या मिलोंगांत, म्हणजे टँगोच्या नृत्यसभांत, अनेक जणी चक्क डोळे मिटून नाचतात. आर्जेंटाइन टँगोत पावलांचा क्रम ठरलेला नसतो. नेणारा तो ऐन वेळी रचतो. मग साथ देणारीला पुढचं पाऊल कळतं कसं?

गुपित छातीपाशी आहे. पाऊल उचलण्याआधी शरीराचा भार एका पायावर न्यावाच लागतो आणि त्या वेळी धड किंचित सरकतं. मिठीतून ही हालचाल समोरच्याच्या त्वचेला, स्नायूंना जाणवते. डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला साधारण पाव सेकंद लागतो. स्पर्शाला त्याहून कमी. स्कूटरवर मागे बसलेला माणूस वळणावर आपसूक झुकतो, तसंच हे.

घोळ होतो तो मेंदूच्या घाईमुळे. ‘ओचो’, म्हणजे आठच्या आकड्यासारखं वळण, दोनदा झालं की तिसरंही येणारच असं तो धरून चालतो आणि पाय आधीच सुटतो. वैयक्तिक शिकवणी मला मोलाची वाटते ती इथे. शिक्षक स्वतः नेतात आणि भार सरकवता सरकवता मध्येच थांबतात. शिकणारीचा मोकळा पाय तोवर पुढे गेलेला असला, तर ते दोघांनाही त्याच क्षणी कळतं. गटात जोडीदारही नवखाच असतो. मग इशारा चुकला की पाऊल, याचा पत्ताच लागत नाही.