लाकडी वाघिणीचा पोलादी पुनर्जन्म

आज मालगाडीच्या एका जुन्या वाघिणीची गोष्ट.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने तिथली रेल्वे ताब्यात घेतली आणि ठरावीक आराखड्याच्या सुमारे 1,00,000 वाघिणी मागवल्या. त्यांतल्या 50,000 बंद वाघिणी होत्या. युद्धामुळे पोलाद वाचवायचं होतं, म्हणून चौकट पोलादी आणि भिंती लाकडी फळ्यांच्या.

पण लाकूड आकसतं, फटी पडतात. मग धान्य सांडतं, पाणी आत शिरतं.

1930 च्या दशकात मंदी आली. नव्या वाघिणींसाठी पैसा नव्हता, पण खालची पोलादी चौकट अजून भक्कम होती. म्हणून अनेक रेल्वे कंपन्यांनी ती ठेवली आणि वरचा डबाच बदलला: पोलादी पत्र्याच्या बाजू, नवं छत. आतली उंची 9 फुटांवरून अनेकदा 10 फुटांपर्यंत गेली, म्हणजे हलका पण जागा खाणारा माल जास्त मावू लागला. सोबत सुधारित ब्रेकही आले. पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाच्या ‘एक्स 26’ प्रकारच्या वाघिणी अशाच ‘एक्स 26 सी’ झाल्या.

अशी वाघीण ओळखायची कशी? जुन्या फोटोत तिची खालची कड बघा. नव्या भिंती बऱ्याचदा मूळ चौकटीच्या बाहेर बसवलेल्या असत, त्यामुळे त्यांना आधार देणारे छोटे ब्रॅकेट रांगेने दिसतात.

पुढच्या वेळी जुन्या मालगाडीचा फोटो मिळाला, तर आधी चाकांच्या वर, भिंतीच्या तळाशी नजर टाका. वाघिणीचं पूर्वायुष्य तिथेच दिसतं.