विजेरीतील लिथियम-आयन सेलची सुरक्षित हाताळणी

लिथियम-आयन सेल हा पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा विद्युत घट असून आधुनिक एलईडी विजेऱ्यांमध्ये, म्हणजेच टॉर्चमध्ये, त्याचा सर्रास वापर होतो. तो नेहमीच्या कोरड्या सेलसारखा दिसतो. परंतु त्याचे व्होल्टेज अधिक असते, लहान जागेत पुष्कळ ऊर्जा साठलेली असते आणि आतील द्रव ज्वलनशील असतो. त्यामुळे त्याची हाताळणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत ही काळजी अधिक महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्याच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत २६ जुलै २००५ चा महापूर आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी खंडित झालेला वीजपुरवठा अशा प्रसंगी घरातील विजेरीची गरज प्रकर्षाने जाणवली.

रचना

विजेऱ्यांमध्ये '१८६५०' हा सेल विशेष प्रचलित आहे. त्याचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते. शेवटचे शून्य दंडगोल आकार दर्शवते. कोरड्या सेलचे व्होल्टेज १.५ असते, तर याचे ३.६ ते ३.७ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ असते. '१४५००' हा सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा असल्याने चुकून घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला जाऊ शकतो व ते उपकरण निकामी होऊ शकते.

सेलच्या आत धनाग्र व ऋणाग्र यांच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असून त्यांच्यामध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो. हा पडदा फाटला किंवा वितळला तर आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक अभिक्रिया वाढतात आणि त्यांतून आणखी उष्णता निर्माण होते. ही साखळी सुरू झाल्यावर थांबवणे अवघड असते.

धोक्याची कारणे

* अतिचार्जिंग: ४.२ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे चार्ज होणे.
* अतिवापर: सुमारे २.५ व्होल्टच्या खाली उतरलेला सेल पुन्हा चार्ज करणे.
* शॉर्टसर्किट: सुटा सेल खिशात नाणी किंवा किल्ल्यांसोबत ठेवणे. सेलचे संपूर्ण धातूचे कवच ऋण टोक असल्याने फाटके वेष्टनही धोकादायक असते.
* मिश्रण: एकापेक्षा अधिक सेलच्या विजेरीत जुने व नवे, अथवा वेगवेगळ्या बनावटीचे सेल एकत्र घालणे. त्यात दुबळ्या सेलवर अतिरिक्त ताण येतो.
* इजा: पडून चेपलेला, फुगलेला किंवा पुराच्या पाण्यात भिजलेला सेल वापरणे.

खरेदी

सेलवर भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०४६ या मानकाचा उल्लेख व नोंदणी क्रमांक पाहावा. '१८६५०' सेलची क्षमता साधारणतः ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. त्यामुळे ९,९०० सारखा छापील आकडा विश्वसनीय नसतो.

चार्जिंग

लिथियम-आयन सेलसाठीच बनवलेला चार्जर वापरावा. चार्जर फरशीवर किंवा टाईलवर ठेवावा. गादी, कपडे, वर्तमानपत्रे, शेगडी आणि देव्हाऱ्यातील दिवा यांपासून तो दूर असावा. पोटमाळ्यावर उकाडा असतो व तेथे लक्षही राहत नाही, म्हणून ती जागा टाळावी. चाळीत खोलीचे दार सामाईक गॅलरीत उघडते आणि बाहेर पडण्याची वाट बहुधा तेवढीच असते. दाराशी ठेवलेल्या चार्जरला आग लागल्यास तीच वाट अडते. सर्व जण झोपलेले असताना किंवा घर बंद असताना चार्जिंग करू नये. सेल हाताला चटका बसण्याइतका तापू लागल्यास पुरवठा बंद करावा.

साठवण व प्रवास

दीर्घकाळ न लागणारा सेल साधारण निम्मा चार्ज करून, विजेरीतून काढून, कोरड्या व थंड जागी ठेवावा. गणपती किंवा शिमग्याला गावी नेताना सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत. विमानप्रवासात सुटे सेल हातातील सामानातच न्यावे लागतात.

आग लागल्यास

सेलमधून फुसफुस आवाज, गोडसर वास किंवा धूर येऊ लागल्यास तो उचलू नये. धुरात विषारी वायू असतात. शक्य असल्यास मुख्य वीजपुरवठा बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे, शेजाऱ्यांना सावध करावे आणि मुंबई अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. वीजपुरवठा तोडलेला असल्यास लहान आगीवर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी टाकता येते. पाण्याने सेल थंड होतो. विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो लगेच घरात घेऊ नये.

विल्हेवाट

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. देण्यापूर्वी सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. कचऱ्याच्या डब्यात टाकलेला सेल कचरागाडीत दाबला जाऊन पेटू शकतो आणि त्याची झळ सफाई कामगारांना बसते.