काडतूस आणि त्याची टोपी
१८५७च्या उठावातली काडतुसे म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे पितळी नळकांडी येतात. प्रत्यक्षात त्या कागदाच्या पुड्या होत्या. आत दारू आणि गोळी. पुडी दातांनी फोडून दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. पेटवणारी टोपी (ठोक्याने भडकणारे रसायन भरलेली तांब्याची इवलीशी वाटी) वेगळी, घोड्याखाली बसवावी लागे. काम दिवाळीतल्या टिकलीसारखेच.

ठोक्याने दारू पेटवण्याचे पेटंट १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने घेतले. चकमकीच्या बंदुकीतल्या ठिणगीने पक्षी आधीच उडून जात, ही या शिकारी पाद्र्याची अडचण! टोपी पितळी काडतुसाच्या बुडातच बसवण्याची रचना १८६०च्या दशकात रुळली. गंमत म्हणजे अशा टोप्यांपैकी बॉक्सर नावाच्या इंग्रजाची टोपी पुढे अमेरिकेत रुजली, बर्डन नावाच्या अमेरिकनाची युरोपात.