रेंज फुल्ल, तरी फोन लागेना! भरवशाचं नेटवर्क बनतं कसं?

खकनार : पावसात लाइट गेली आणि थोड्या वेळाने मोबाइलही मुका झाला, हा अनुभव खकनारपासून पलीकडे धारणीपर्यंत सातपुड्यातल्या गावांना नवा नाही. टॉवर तर जागेवरच उभा असतो, मग अडतं कुठं?

टॉवरला दोन गोष्टी लागतात : वीज आणि पुढच्या नेटवर्कशी जोडणी. वीज गेली की आधी बॅटरी, मग जनरेटर. डिझेल संपलं की टॉवर बंद. जोडणी अनेक ठिकाणी जमिनीखालच्या फायबरची असते. खोदकामात ती तुटली, तर रेंज फुल्ल दिसूनही कॉल लागत नाही. कारण रेंजच्या रेघा फक्त फोन आणि टॉवरमधलं नातं सांगतात, पुढचं नाही.

म्हणून भरवशाच्या नेटवर्कला प्रत्येक ठिकाणी दुसरी वाट हवी. फायबर गोल कड्यासारखी टाकली, तर एका बाजूने तुटल्यावर दुसरी बाजू चालते. डोंगरात मायक्रोवेव्ह जोडणी कामी येते. शेवटचा आधार म्हणजे दुसऱ्या कंपनीचा टॉवर. सरकारी निधीतून उभारलेल्या 4जी टॉवरवर अशी सोय केंद्राने जानेवारी 2025 मध्ये सुरू केली. 2023 मध्ये ठरलेल्या 6जीच्या जागतिक आराखड्यातही वेगासोबत तग धरण्याची क्षमता मोजली आहे.

तोवर एवढं लक्षात ठेवा : आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी 112 लावून पाहा. आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असेल, तर त्यावरूनही तो लागू शकतो. रात्री-अपरात्री घरात कुणी अडलं, तर तीच दुसरी वाट.