एकवीस अंकी संख्या आणि रविवार

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही संख्या एका दमात वाचून दाखवा! २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २ च्या घातातून १ वजा केल्यावर कधी कधी मूळ संख्या येते. दुसऱ्या घातापासून ३, तिसऱ्यापासून ७, पाचव्यापासून ३१. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी अकराव्या घातापासून येणारी संख्या २०४७ म्हणजे २३ × ८९.

मॅरें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी छापली. त्यात ६७ होता. तो चुकीचा आहे हे एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये, म्हणजे २३२ वर्षांनी सिद्ध केले. पण अवयव त्यांनाही सापडले नव्हते. हे कसे शक्य आहे? हजेरीत एक आकडा कमी भरला की कोणीतरी गैरहजर आहे हे कळते, कोण ते कळत नाही. तसेच हे.

अखेर ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत अवयव मांडले:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

किती वेळ लागला, असे विचारल्यावर ते 'तीन वर्षांचे रविवार' म्हणाले, असे सांगतात. नवल नाही. या संख्येच्या प्रत्येक अवयवाला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागल्यास बाकी १ उरते. म्हणून १३५, २६९, ४०३ असे क्रमाने तपासत गेले, तर लहान अवयव १४,४५,५८० व्या पायरीवर येतो!

साध्या कॅल्क्युलेटरवर २१ अंक मावत नाहीत. म्हणून मी एका रविवारी हा गुणाकार वहीत केला. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणली तर १ येते, म्हणून उत्तराचीही १ यायला हवी. माझी ७ आली. शोधता शोधता कळले की एका ठिकाणी हातचे ३ विसरलो होतो. उत्तर समोर छापलेले असून माझी ही गत, मग कोल यांच्यापुढे तर उत्तरच नव्हते.

गुणाकाराला एक दुपार, अवयव शोधायला तीन वर्षे. याच फरकावर आज संगणकावरील गुप्त संदेशांची आरएसए पद्धत उभी आहे. तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात.

परेडवर हुकूम आला की आपण प्रश्न विचारत नाही. गणितात मात्र मर्सेन यांच्यासारख्या विद्वानाचे म्हणणेही तपासून पाहावे लागते, आणि स्वतःचे तर दोनदा. येत्या रविवारी तुम्हीही करून पाहा. हातचे विसरू नका!