खुडूक

हात घालू नकोस, ठमे. चोच मारील. महिन्यापूर्वीपर्यंत हीच तुझ्या तळहातावरची तांदळाची कणी टिपत होती ना? आता बघ, पिसं फुलवून दुप्पट झालीय, डोळे एकाच जागी, आणि घशातून घर्रर्र. खुडूक झालीय ती. आपल्या शेजारच्या काकी काय म्हणतात? ‘मुर्गी कुड़क हो गई.’ त्यांचं कुड़क, आपलं खुडूक. जबलपुरात राहिलं की एकाच कोंबडीला दोन भाषांतून हाका मारता येतात.

तिला काय झालंय विचारतेस? ताप नाही, पण पोट गरम आहे खरं. छातीखालची पिसं गळतात, तिथली कातडी जाड होते आणि तिच्यातून जास्तीचं रक्त वाहू लागतं. ती उघडी ऊबदार कातडी थेट अंड्याला टेकते. हे सगळं करवून घेणारा मुकादम मेंदूच्या तळाशी, एका इवल्याशा ग्रंथीत बसतो. तो प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात सोडतो. अमेरिकेतल्या ऑस्कर रिडल आणि त्याच्या सोबत्यांनी 1935 मध्ये हा रस कोंबड्यांना टोचून पाहिला, तर त्या खुडूक झाल्या! आणि गंमत अशी, की बसल्याने पोटाला अंड्यांचा स्पर्श होतो आणि त्या स्पर्शानेच रस वाढत राहतो. म्हणजे खुडूक आहे म्हणून बसते, आणि बसते म्हणून खुडूक राहते. तोवर अंडी घालणं बंद.

मी तुझ्याएवढा असताना आमच्या परड्यात एक भुरी कोंबडी होती, अशीच हट्टी. ऐन मे महिन्यात खुडूक झाली. मे महिना जबलपूरचा, बरं का! दुपारी पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, नर्मदेवरचा वारासुद्धा भाजतो. अशा उन्हाळ्यात अंडी ठेवायची सोय नसते. कोंबडी बसायच्या आधीच घरातल्या गरमीने आतला जीव अर्धवट जागा होतो आणि मरतो. म्हणून आई ओल्या वाळूवर माठ ठेवायची, अंडी त्यात. पण पिल्लं काढायची तर थंडी सरताना, हा तिचा नेम. मे महिन्यात नाही म्हणजे नाही.

मग भुरीचं काय करायचं? कुणी म्हणालं, पाण्यात बुडवा. कुणी म्हणालं, नाकात पीस खुपसा. खेड्यापाड्यांत करतात तसं. बिचारीला छळायचं, दुसरं काय! आईने काय केलं, विचार. दोन-दोन विटांवर तारेच्या जाळीचा पिंजरा ठेवला. खाली गवत नाही, कोपरा नाही, अंधार नाही. दाणा-पाणी भरपूर, वर सावली. जाळीतून पोटाला सतत वारा. पोट थंड पडलं, अंड्याचा स्पर्श तुटला की मुकादमाचा हुकूम ढिला पडतो. चौथ्या दिवशी सोडली तेव्हा भुरी सरळ उकिरड्यावर गेली. काही दिवसांनी पुन्हा अंडी सुरू.

पुढच्या माघात ती पुन्हा खुडूक झाली, तेव्हा मात्र आईने तिला हौसेने बसवली. टोपलीत राख, वर गवत, आणि रात्रीच्या अंधारात अकरा अंडी हळूच पोटाखाली सरकवली. प्रत्येकावर कोळशाची रेघ. का? इतर कोंबड्या फार आळशी गं, तिच्याच टोपलीत येऊन अंडं टाकून जातात. रेघ नसलेलं रोज काढून घ्यायचं, नाहीतर कुणाचा तिसरा दिवस, कुणाचा तेरावा, सगळाच गोंधळ.

अकरा अंडी अकरा दिवसांत घातलेली, मग पिल्लं एकाच दिवशी कशी? हेच तर नवल! गार जागेत अंड्यातला जीव थांबून राहतो. ऊब मिळाली की सगळे एकदम निघतात. भुरी दिवसातून एकदा उठायची, पंधरा-वीस मिनिटं. खायचं, धुळीत लोळायचं, परत. चोचीने अंडी फिरवायची, दिवसातून कितीदा तरी. फिरवली नाहीत तर आतला जीव पापुद्र्याला चिकटतो.

हे आता बऱ्याच कोंबड्यांना येतच नाही. व्हाइट लेगहॉर्न बघ, पांढरीशुभ्र, अंड्यांची खाण, पण बसायचं नाव नाही. बसणारीला माणसाने पिढ्यान् पिढ्या वेगळं काढलं. उबवायला यंत्र, साडेसदतीस अंशांवर. आपल्या गावच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे आताच्या नानाजी देशमुख विद्यापीठाचं नाव ऐकलंयस ना? तिथे झाबुआच्या काळ्या कडकनाथाचा ‘जबलपूर कलर’ या वाणाशी संकर करून ‘नर्मदानिधी’ कोंबडी तयार केली. परसातली, पण अंडी जास्त देणारी.

हं, भुरी. विसाव्या रात्री आईने मला उठवलं, कंदील धरला आणि म्हणाली, ‘कान लाव.’ मी अंड्याला कान लावला. आतून बारीक ‘चिव’! टणक कवचाच्या आत पिल्लू आपल्या फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेलं. आणि भुरीने वरून हळू आवाजात उत्तर दिलं, ‘क्लक्’. सकाळपर्यंत अंड्याला तडा. चोचीच्या टोकावर इवलासा पांढरा दात असतो, फोडण्यापुरता. मग तो गळून जातो. पहिलं पिल्लू बाहेर येऊन वाट पाहत बसलं होतं. उपाशी नव्हतं गं. पिवळं बलक पोटात ओढून आलेलं असतं, दोन दिवस पुरतं.

अकरातली नऊ निघाली. आज विसावा दिवस ना हिचा? चल, आवाज करू नकोस. चोच मारली तरी हात मागे घेऊ नकोस, हळूच पोटाखाली घाल, आणि एक अंडं कानाशी आण.