सुरुंगाचा दगड आणि बघ्याचे अंतर

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात मातीचा व मुरुमाचा थर सरला की खाली काळा पाषाण लागतो. तो पहारीस दाद देत नाही. म्हणून विहीर खणताना सुरुंग लावणे भाग पडते. बार उडण्यापूर्वी दूर होण्याची हाक दिली जाते व लोक दूर होतातही. परंतु किती दूर व्हावे आणि किती वेळ थांबावे, याचा विचार क्वचितच होतो. मग ज्याचा त्या कामाशी काडीचाही संबंध नाही, अशा बघ्यासही प्राणास मुकावे लागण्याचा प्रसंग येऊ शकतो.

सुरुंगातील दारूचे क्षणार्धात तप्त वायूत रूपांतर होते. तो वायू आपल्या जागेत मावत नाही; तो खडक फोडतो आणि जिकडे विरोध कमी, तिकडे वाट काढतो. भोक नीट ठासलेले नसले किंवा खडकात भेग असली, तर त्या वाटेने दगड तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. सेकंदास 50 मीटर वेगाने तिरपा सुटलेला दगड, हवेचा विरोध न धरल्यास, सुमारे 250 मीटरांवर पडतो व त्यास सात सेकंद लागतात. तेवढ्याच अंतरावर आवाज पाऊण सेकंदात पोहोचतो. म्हणजे बार ऐकू आला तेव्हा संकट टळलेले नसते. दगड अद्याप आकाशातच असतो. वेग दुप्पट झाला, तर हे अंतर चौपट होते. हवा दगडांना अडविते खरी, पण सर्वांना सारखी नव्हे. दगडाचा आकार सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर वजन आठपट होते, हवेला भिडणारा पृष्ठभाग मात्र चौपटच. यास्तव बारीक कपची लवकर मंदावते आणि मोठा धोंडा दूरवर जातो.

याचे भयंकर प्रत्यंतर 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटके, कापसाच्या गासड्या व सोन्याच्या विटा होत्या. आग लागून दुपारी चारनंतर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. सोन्याची एक वीट गोदीबाहेरील एका घरात जाऊन पडली. जहाजाच्या पंख्याचा तुकडा सेंट झेवियर शाळेच्या आवारात आढळला. अग्निशामक दलाचे 66 जण कर्तव्य करताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशात दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पहिला स्फोट हा शेवटचाच असतो असे नाही, हेही त्या दिवसाने दाखविले.

बघ्याचा खरा रक्षक म्हणजे अंतर. उघड्या खाणींत सुरुंगाभोवती 500 मीटरांपर्यंतचा टापू धोक्याचा मानतात. विहिरीपाशीही तोच दंडक पाळणे शहाणपणाचे. दुसरा रक्षक आडोसा. झाड किंवा पत्र्याचे छप्पर हा आडोसा नव्हे. भक्कम छताचे, जाड भिंतींचे घर हाच खरा आसरा. स्फोट मोठा असेल, तर घरातही खिडकीपासून दूर राहावे. प्रकाश आधी दिसतो, काचा फोडणारा हवेचा धक्का मागून येतो. तिसरा रक्षक धीर. बार उडाला नाही, तर वातीच्या सुरुंगापाशी निदान अर्धा तास कोणी फिरकू नये; पुढे जाण्याचा अधिकार जाणत्या सुरुंगवाल्याचाच. सुरक्षिततेची खूण त्याने दिल्यावाचून मुलांना पुढे सोडू नये. विहिरीला लागलेले पाणी पाहण्यास सारा जन्म आहे. बार पाहिला नाही, म्हणून कोणाचे काही उणे होत नाही.